आत्याबाईंच्या काळजाची उजवी बाजू

माझ्या लग्नात वरमाई कुठे दिसेनात. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, फोटोवाला दोन्हीकडच्या आयांना उभं राहायला सांगू लागला, तरी त्यांचा पत्ता नाही. विश्रांतवाडीहून आलेली माझ्या माहेरची माणसं एकमेकांच्या कानाला लागली. मुलाची आई रुसली की काय? शेवटी माझा मामा शोधायला गेला आणि हसत परत आला. वरमाई मांडवामागे चुलाणापाशी होत्या. मोठ्या स्वयंपाकासाठी जमिनीत खणलेलं ते लांबलचक चुलाण, त्यावर भाताचे हंडे, आणि जरीचं नवं लुगडं खोचून, लाल डोळ्यांनी जळतं लाकूड मागे ओढणाऱ्या माझ्या सासूबाई. "फोटू काय पळून चाललाय? भात लागला तर पंगत नावं ठेवंल," असं त्यांनी मामाला ऐकवलं होतं.

फोटो नंतर निघाला. त्यात त्यांच्या कपाळावर काजळीचा एक फराटा आहे. अल्बमवाल्याने विचारलं, पुसून देऊ का? मी म्हटलं, मुळीच नको.

आमच्या सासरी सुना सासूला आत्याबाई म्हणतात. हे गाव कात्रजच्या पुढे. आता महानगरपालिकेत आलंय म्हणून नकाशात ते पुणे, पण गावातली माणसं अजूनही "पुण्याला जाऊन येतो" असंच म्हणतात. मी एका बांधकाम व्यावसायिकाच्या ऑफिसात उंच इमारतींच्या पाण्याच्या लाइनींचे नकाशे काढते. स्वयंपाकात माझी मजल कुकरच्या शिट्या मोजण्यापलीकडे कधी गेली नाही. आत्याबाईंनी त्याबद्दल मला एकदाही बोल लावला नाही. कदाचित त्यांना स्वयंपाकघरात दुसरी राणी नकोच होती.

सासरे लवकर गेले. त्यानंतर आत्याबाईंनी गावच्या जेवणावळी हाती घेतल्या. आधी भावकीतल्या, मग गावातल्या, मग आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या. लग्न असो की बारसं, "बुंदीला कोण आहे?" असं लोक आधी विचारायचे. हाताखाली दहाबारा बाया असायच्या. स्वयंपाक चालू असताना आत्याबाई चव घ्यायच्या नाहीत, कारण नैवेद्य व्हायचा असायचा. वासावरून आणि आवाजावरून त्यांना कळायचं. आणि एक शिस्त होती. चुलाणाच्या तोंडाशी त्या कुठल्याच बाईला फार वेळ उभं करायच्या नाहीत. "हो बाजूला, वारं घे जरा," म्हणून दुसरीला पुढे करायच्या. स्वतः मात्र शेवटची पंगत उठेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

घरीही तेच. आत ओट्यावर गॅस होता, पण मागच्या पत्र्याच्या पडवीत चूल होती आणि आत्याबाईंचं खरं राज्य तिथे. आंघोळीचं पाणी, दूध, भाकरी, सगळं चुलीवर. पडवीला खिडकी नव्हती. पहाटे फुंकणीचा फूऽऽ असा आवाज आणि पाठोपाठ खोकला ऐकू आला की मी समजायचे, दिवस उजाडला. तो खोकला मला घड्याळासारखा सवयीचा झाला होता.

मग त्या थांबायला लागल्या. देवळाच्या चढावर कुणाशी तरी बोलायच्या निमित्ताने थांबायच्या. जिन्यात मधेच उभं राहून भिंतीचा रंग कसा उडालाय ते सांगायच्या. बाजारातून येताना प्रत्येक ओट्यावर बसून त्या घरची विचारपूस करायच्या. मला वाटायचं, वय झालं की माणूस गप्पिष्ट होतं. त्या दम खात होत्या हे आम्हाला कळायला फार उशीर लागला. पाय सुजले. संध्याकाळी चपलेचा पट्टा पावलात रुतायचा आणि काढला की खोबण राहायची. जेवण दोन घासांवर आलं. "पोट गच्च झालंया," म्हणायच्या. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं म्हणून उशांच्या चळतीला टेकून बसल्या बसल्या झोपायच्या.

"दवाखान्यात जाऊ," नवरा म्हणाला.

"मला काय धाड भरलीया?"

एका सकाळी तुळशीला पाणी घालून येताना त्या दारातच बसल्या. ओठ जांभळासारखे झाले होते. आम्हाला वाटलं, हृदयविकाराचा झटका. गाडीत घालून थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली, इको म्हणतात ती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "झटका वगैरे काही नाही. डावी बाजू उत्तम आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा बरी. पण उजवी बाजू फुगलीय. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दाब फार वाढलाय. आजार हृदयात सुरू झालेला नाही, छातीच्या डॉक्टरांना दाखवा."

छातीच्या डॉक्टर एक बाई होत्या. मध्यम वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, आवाज शांत. त्यांनी आधी एका नळीत जोरात फुंकायला लावलं. आत्याबाईंनी जीव खाऊन फुंकलं, पण यंत्रावरची रेघ काही केल्या वर जाईना.

"आजी, विडी किंवा मिश्री?"

"इडी? माझ्या सासऱ्यानं वढली, नवऱ्यानं वढली. म्या फकस्त त्यांच्या इडीला इस्तू दिला."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "चुलीवर किती वर्षं?"

"कळाया लागल्यापासनं."

"खोलीला खिडकी?"

 मीच म्हटलं, "नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. हृदय म्हणजे शेजारी शेजारी चालणारे दोन पंप. डावा सगळ्या अंगाला रक्त पुरवतो, म्हणून त्याची भिंत जाड. उजव्याचं काम तसं हलकं. रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवायचं, जिथे ते हवेतला प्राणवायू घेतं. तेवढ्याला दाब कशाला लागतो? म्हणून त्याची भिंत पातळ. पण इतक्या वर्षांच्या धुराने फुप्फुसं झिजली आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही काही गेल्या. राहिल्या त्या आवळून बसल्या. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिकडे रक्त पाठवून उपयोग नाही, हे शरीराला समजतं आणि तिथल्या वाहिन्या ते आवळून धरतं. एखाद्या कोपऱ्यापुरतं असतं तर ते शहाणपणाचं ठरलं असतं. इथे सगळीकडेच हवा कमी, म्हणून सगळ्याच वाहिन्या आवळलेल्या. आणि त्यांच्यातून रक्त रेटायचं काम त्या पातळ भिंतीच्या उजव्या बाजूवर पडलं.

आत्याबाई डोळे बारीक करून ऐकत होत्या. "म्हंजी पाइपात गाळ बसलाय आन् मोटर जोर करतीया."

"अगदी तसंच."

"पाणी म्होरं जायना की माघारी तुंबतंय."

"म्हणूनच पाय सुजतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट जड होतं, यकृत सुजतं, मानेची शीर फुगते."

आत्याबाईंच्या मानेवरची ती ठसठशीत शीर मी कितीतरी महिने रोज पाहत होते. बत्तिसाव्या मजल्यापर्यंत पाणी चढवायला किती दाब लागेल आणि ते कुठे तुंबेल, हे सांगण्यासाठी मला पगार मिळतो. घरातली लाइन तुंबलेली मला दिसली नव्हती.

उपाय सांगताना डॉक्टरीणबाईंनी काही गुलाबी चित्र रंगवलं नाही. झिजलेलं फुप्फुस भरून येत नाही. सूज उतरायला गोळ्या, श्वासाने ओढायचं औषध, आणि मुख्य म्हणजे प्राणवायू. घरात यंत्र ठेवायचं, नाकात नळी लावायची, दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास तरी. यंत्राची कळ आपल्या मनाने वाढवायची नाही. "आणि आजी, नळी लावून जाळाजवळ जायचं नाही. चूल नाही, गॅस नाही, देवापुढचं निरांजनसुद्धा नाही. प्राणवायू आणि आग यांचं जमत नाही, क्षणात भडका उडतो. आणि धूर तर आता तुम्हाला विषच आहे."

आत्याबाईंनी मान हलवली. 

यंत्र आलं आणि घरात बेबनाव सुरू झाला. करोनाच्या लाटेत आमच्या गावाने नाकात नळी लावलेली जी माणसं पाहिली होती, त्यांतली बरीच परत आली नव्हती. नळी म्हणजे शेवट, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं. फाटक वाजलं की आत्याबाई नळी ओढून उशीखाली सारायच्या आणि पाहुण्यांसमोर धाप लागलेली लपवत, ताठ बसून बोलायच्या. पाहुणे गेले की निळ्या पडलेल्या असायच्या.

एकदा मी दुपारीच घरी आले. डोकं दुखत होतं म्हणून ऑफिसातून निघाले होते. मागे धूर दिसला. पडवीत आत्याबाई पेटलेल्या चुलीसमोर बसल्या होत्या. नळी आत पलंगावर, यंत्र एकटंच फुसफुसत होतं.

"आत्याबाई, हे काय?"

"भाकरी."

"गॅसवर मी करून देत होते ना?"

"तू करतीस ती भाकरी न्हाई. ती चपातीची सावत्र भण."

मला हसू आलं नाही. मी ओरडले, "तुम्हाला मरायचंय का?"

त्यांनी भाकरी उलटली, मग माझ्याकडे पाहिलं. "मला जगायचं हाय गं. पर असं दाव्याला बांधून न्हाई. वासरावानी." एवढं बोलायलाही त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं.

मी चूल विझवली. त्यांनी अडवलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही आणि नवरा बिचारा दोन्ही खोल्यांत चहा घेऊन फिरत राहिला.

पुढच्या तपासणीला पाय पुन्हा सुजलेले होते. डॉक्टरीणबाईंनी परत इको करायला सांगितलं आणि या वेळी स्वतः तिथे आल्या. आत्याबाई कुशीवर झोपल्या होत्या. मधेच त्यांनी मान वळवून विचारलं, "काय बगताय त्यात एवढं? मलाबी दावा."

डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला.

काळ्या-करड्या रंगांत काहीतरी उघडझाप करत होतं. "ही डावी बाजू," डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "बघा, कशी लयीत चाललीय. आणि ही उजवी." मला त्यातलं काही कळत नाही, पण फरक मलाही दिसला. उजवा कप्पा फुगून डाव्याहून मोठा झाला होता आणि मधली भिंत डावीकडे रेटली गेली होती. तो आवळायचा, पण पुरता आवळायचा नाही. दमलेल्या माणसाने हंडा उचलायला जावं आणि तो जमिनीपासून जेमतेम सुटावा, तसं.

"ही एकलीच ढकलतीया?"

"हो."

"कवाधरनं?"

"बरीच वर्षं झाली असणार, आजी. आधी भिंत जाड करून तिने निभावून नेलं. आता थकलीय."

आत्याबाईंनी पडद्यावरच्या त्या कप्प्यावर बोट ठेवलं. "आन् नळी लावली, तर हिला काय फरक पडतोय?"

"आवळलेल्या वाहिन्या थोड्या सैल होतात. दाब थोडा उतरतो. हिला जरा दम खाता येतो."

तपासणीसाठी छातीवर लावलेल्या जेलचा चिकट थर पुसत मी त्यांना उठवून बसवलं. पदर सारखा करता करता त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझ्या बायांना जाळापाशी मी कवा इतका येळ हुबं केलं न्हाई गं."

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढली, पलंगावर बसल्या आणि हात पुढे केला. "आण ती नळी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला कुदळ आणायला सांगितली. खुर्ची टाकून पडवीपासून लांब बसल्या आणि म्हणाल्या, "फोड." चूल त्यांच्या सासूने घातलेली, दर सणाला आत्याबाईंनी सारवलेली. नवऱ्याने पहिला घाव घातला आणि कुदळ टेकवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "आरं, माती हाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "मारुतीच्या देवळाम्होरं आल्यागत काय हुबा ऱ्हायलास?" त्याने चूल फोडली. मग त्या पडवीच्या भिंतीला मोठी खिडकी पाडली, आणि तिथे आत्याबाईंचा पलंग गेला.

नळी लावून माणूस नुसतं पडून राहत नाही हे आम्हाला डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या, श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने दाखवलं. ती आठवड्यातून दोनदा यायची. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर पडते. आत्याबाईंनी एकदा करून पाहिलं आणि तिला म्हणाल्या, "ही तर फुकनीच झाली." जन्मभर फुंकणीतून जाळ फुलवणाऱ्या ओठांना ते शिकवावं लागलं नाही. लांब नळी लावून त्या आधी व्हरांड्यापर्यंत, मग फाटकापर्यंत चालायला लागल्या. सूज उतरली. जेवण वाढलं. फाटक वाजलं तरी नळी जागची हलेना. कुणी पाहत राहिलंच तर आत्याबाई म्हणायच्या, "बगून घ्या. तुमच्या घरातबी चूल हाय."

मग धाकट्या आत्या आल्या. या आत्याबाईंच्या धाकट्या जाऊ. चुलाणावर इतकी वर्षं त्यांचा उजवा हात. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं.

"अक्का, तुमी आपलं नुसतं येऊन बसायचं. पोरीला आशीर्वाद द्यायचा."

"नुसतं बसाया मी काय गणपती हाय?" आत्याबाई म्हणाल्या. "सैपाक मी करणार. पर माझं ऐकायचं. लाकूड न्हाई, गॅसच्या शेगड्या. आन् पत्र्याखाली न्हाई, उघड्यावर."

"गॅसवर चव येत न्हाई, अक्का."

"चव हातात आसती. धुरात आसती तर गावाच्या गाडीतळावरबी पंगत बसवली आसती."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी खांद्याला अडकवायचा लहान सिलिंडर कसा वापरायचा ते समजावलं. जाळापासून भरपूर लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि दमल्या की लगेच घरी, अशा अटी घातल्या. मी लग्नासाठी रजा टाकली. साहेबांनी विचारलं, जवळचं लग्न का? मी म्हटलं, मी स्वयंपाकाला आहे. त्यांनी माझ्या डब्यातल्या भाज्या खाल्लेल्या आहेत. त्यांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं.

कार्यालयामागच्या मोकळ्या मैदानात कडुलिंबाखाली आत्याबाईंची खुर्ची मांडली. शेगड्या दूर, पलीकडच्या कुंपणाशी. मधे मी. मी धावणार होते. मदतीला आलेल्या एका पाहुणीने दुसरीला म्हटलेलं मला ऐकू आलं, "नाकात नळी घालून म्हातारी सैपाकाला आली." आत्याबाईंनाही ऐकू आलं. त्यांनी तिला हाक मारून जवळ बोलावलं आणि गोड आवाजात कांदा चिरायला बसवलं. पोतंभर होता.

आमटी चढली, वांग्या-बटाट्याची भाजी चढली, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जिचा कुणीच विचार केला नव्हता. नळीतून येणाऱ्या कोरड्या हवेने आत्याबाईंचं नाक बधिर झालं होतं. त्यांना वास येईना. त्यांनी दोनदा नाक वर करून वारा हुंगला आणि त्यांचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या घाबरलेल्या दिसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी.

त्यांनी ओठांचा चंबू केला. सावकाश दोनचार श्वास सोडले. मग मला म्हणाल्या, "जा, आमटी बग. बुडबुडा कसला येतोय? बारीक का मोठा?"

मी धावत गेले, धावत आले. "मोठा. फुटताना फट् आवाज येतोय."

"बुडाला लागाया लागलीया. जाळ कमी कर आन् पळी बुडापासनं फिरवाया सांग. खरवडायचं न्हाई."

मी परत आले की पुढचा प्रश्न तयार असायचा. "वांग्याला कड सुटली का? तेल वर आलंय?"

"तेल कडेला आलंय, मधे नाही."

"मग झाकू नगंस आजून."

असं दुपारपर्यंत चाललं. त्या विचारायच्या, मी पाहून सांगायचे, त्या सांगतील ते मी तिकडे जाऊन सांगायचे. आधी बाया माझ्याकडे पाहून हसत होत्या, नंतर मी येताना दिसले की पळी थांबवून ऐकायला लागल्या. बुंदीच्या पाकाची वेळ आली तेव्हा मी उलथन्यावरचा थेंब वाटीत घेऊन आत्याबाईंकडे नेला. त्यांनी तो घेतला नाही. "तू बग."

"मला कुठे कळतंय?"

"दोन बोटांत धर. उघड. तार येती का?"

माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत एक बारीक चकचकीत दोरा ताणला गेला आणि तुटला नाही.

"आली."

"मग हितं काय करतीयास? जा, उतरीव."

मी इतक्या वर्षांत इतके नकाशे काढले, इमारती उभ्या राहिलेल्या पाहिल्या, पण त्या मैदानावरून शेगडीकडे धावताना जी ऐट माझ्या चालण्यात होती ती कधी आली नव्हती.

पंगती बसल्या. वाढपी धावू लागले. नवऱ्या मुलाकडचे एक पोक्त गृहस्थ जेवण झाल्यावर मागे आले आणि आचाऱ्याला भेटायचंय म्हणाले. धाकट्या आत्यांनी कडुलिंबाकडे बोट दाखवलं. खुर्चीतली बारीकशी बाई, नाकात नळी, मांडीवर सिलिंडरची पिशवी. त्या गृहस्थांनी हात जोडले. "माउली, बुंदी एक नंबर."

"बसा," आत्याबाई म्हणाल्या. "भात मऊ झाला व्हता जरा." स्तुती त्यांना कधी नीट घेता आली नाही.

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. धाकट्या आत्या हंडा उतरवून आल्या की दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून उभ्या राहायच्या. त्यांच्याशी बोलायच्या आधी खोकायच्या. लग्नाची गडबड सरली तशी आत्याबाईंनी मला बोलावलं. "तुज्या त्या बाईंकडं धाकलीला न्यायचं. तिला एकलीला न्हाई, सगळ्या बायांना. माझ्या हाताखाली जेवढ्या व्हत्या तेवढ्या."

"त्या येतील का?"

"मी बोलवल्यावर?"

त्या सगळ्या आल्या. आमच्याच व्हरांड्यात जमल्या, नवऱ्याने दोन गाड्या ठरवल्या. दवाखान्याच्या रांगेत त्या बाया बसल्या होत्या आणि पुढच्या खुर्चीत नळी लावून आत्याबाई, एखाद्या संघाच्या कप्तानासारख्या. एकेक आत जाऊन नळीत फुंकून यायची. बहुतेकींचं ठीक निघालं. दोघींना औषध सुरू झालं, त्यांत धाकट्या आत्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. फुप्फुसं थोडी झिजलीत, पण हृदयावर अजून ताण आलेला नाही, आणि धूर टाळला तर येऊ नये यासाठी आपण बरंच करू शकतो. धाकट्या आत्यांनी बाहेर येऊन जावेच्या पायांना हात लावला. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीत धपका घातला. "चूल फोडलीस का न्हाई ते सांग आधी." त्या पावसाळ्याच्या आत भावकीतल्या बहुतेक चुली अंगणात उघड्यावर आल्या किंवा मोडल्या.

सगळं गोड झालं असं नाही. थंडीत त्यांना जंतुसंसर्ग झाला आणि आठवडाभर दवाखान्यात काढावा लागला. आम्ही घाबरलो होतो. तिथून आल्यावर त्यांचं चालणं परत फाटकावरून व्हरांड्यावर आलं, आणि हळूहळू पुन्हा फाटकावर. हा आजार जाणारा नाही हे आम्हाला माहीत आहे, त्यांनाही. पण नंतरच्या इकोत उजवा कप्पा थोडा आकसलेला होता, दाब थोडा उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी पडदा आपणहून त्यांच्याकडे फिरवला. आत्याबाईंनी पाहिलं आणि त्या कप्प्याला उद्देशूनच म्हणाल्या, "ब्येस."

गेल्या महिन्यात आम्ही तपासणीला गेलो होतो. समोरच्या बाकावर मुळशीकडची एक बाई बसली होती, आत्याबाईंपेक्षा बरीच तरुण. नळी नवीन असावी, कारण तिने नाकावरून पदर ओढून घेतला होता आणि कुणी आलं की तोंड भिंतीकडे वळवत होती. सोबतचा नवरा औषधाच्या खिडकीशी उभा होता. आत्याबाईंनी ते पाहिलं. मग उठल्या, सिलिंडरची पिशवी खांद्याला लावून सावकाश तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"कुठल्या गं तुमी?"

तिने गावाचं नाव सांगितलं. आवाज पदरातून आला.

"आज काय कालवण केलंतसा घरी?"

बाई चमकली. दवाखान्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला आजाराखेरीज काही विचारलं असावं. ती सांगायला लागली, हरभऱ्याची भाजी, वाळवलेली, पण सुनेने केली, मला जाळापाशी जाऊ देत नाहीत. मग रडायला लागली. आत्याबाईंनी तिला रडू दिलं. नंतर विचारलं, सुनेने लसूण कधी घातला, आधी की नंतर? दोघींचं जुंपलं. पदर कधीच खाली आला होता.

आमचा नंबर पुकारला तेव्हा त्या बाईने माझ्याकडे बोट केलं. "ही लेक का?"

"सून," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या हाताखालची हाय."